डोंगर इथला, इमारत तिकडची : जागतिक बांधकाम व्यवसायात चंद्रपूर व गडचिरोली

जागतिक बांधकाम व्यवसायाचा आढावा घेताना जगाची विभागणी साधारणपणे चीन, भारत, आखाती देश, युरोप, अमेरिका अशा बाजारपेठांमध्ये केली जाते आणि कोणत्या प्रदेशात किती इमारती, रस्ते व पूल उभे राहतील यावरून त्या प्रदेशाचे भवितव्य सांगितले जाते. या हिशेबात एक मोठी उणीव राहते. कारण इमारत जिथे उभी राहते तो प्रदेश आणि तिच्यासाठी डोंगर जिथे फोडला जातो तो प्रदेश सहसा एक नसतात. पूर्व विदर्भातील चंद्रपूर व गडचिरोली हे दोन वनजिल्हे दुसऱ्या प्रकारात मोडतात. चुनखडी, कोळसा, राख, लोहखनिज, रेती, सागवान आणि बांबू एवढी बांधकामाची सामग्री इतक्या जवळजवळ सापडावी, असे प्रदेश देशात फार नाहीत.

गेल्या काही वर्षांत या व्यवसायाचा गुरुत्वमध्य सरकत आहे. चीनमध्ये २०२० साली सुमारे २४० कोटी टन सिमेंट तयार झाले होते. त्यानंतर तेथील गृहबांधणी कंपन्या कर्जाच्या ओझ्याखाली कोसळू लागल्या आणि २०२४ पर्यंत हे उत्पादन १८० कोटी टनांच्या आसपास उतरले. भारत दुसऱ्या क्रमांकावर असून त्याचे वार्षिक उत्पादन ४० कोटी टनांच्या वर गेले आहे. तरीही भारतातील दरडोई सिमेंट वापर जागतिक सरासरीच्या बराच खाली आहे, म्हणून पुढील काही दशकांची वाढ येथेच होईल असे उद्योगाने गृहीत धरले आहे, आणि या गृहीतकाचा पहिला परिणाम महानगरांआधी खाणपट्ट्यांवर दिसतो.

सिमेंट हा जड आणि तुलनेने स्वस्त माल असल्यामुळे त्याचा कारखाना ग्राहकाजवळ नव्हे, तर चुनखडीजवळ उभारावा लागतो. चुनखडी आणि माती यांचे मिश्रण सुमारे १,४५० अंश सेल्सिअस तापमानाला भाजले की त्याचे क्लिंकर नावाचे कठीण गोळे बनतात आणि ते जिप्समसह दळल्यावर सिमेंट तयार होते. एक टन क्लिंकरला साधारण दीड टन चुनखडी लागते. चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना व राजुरा तालुक्यांत चुनखडीचे विस्तीर्ण थर आहेत, भट्टीसाठी लागणारा कोळसा वर्धा नदीच्या खोऱ्यात आहे आणि दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरील बल्लारशाह जंक्शन हाकेच्या अंतरावर आहे. घुग्घुसजवळ एसीसीचा कारखाना होताच. १९८३ मध्ये लार्सन अँड टुब्रोने आपला पहिला सिमेंट कारखाना आवारपूरला सुरू केला, त्यानंतर गडचांदूरला माणिकगड आणि उपरवाहीला अंबुजाचा मराठा सिमेंट हे कारखाने आले. आवारपूर व माणिकगड हे कारखाने आज अल्ट्राटेककडे आहेत, तर अंबुजा आणि एसीसी या कंपन्या २०२२ मध्ये अदानी समूहाने घेतल्या. अवघा उद्योग मोजक्या हातांत एकवटत असल्याची जी चर्चा देशभर चालते, तिचा पुरावा एका तालुक्याच्या परिघात पाहता येतो.

चुनखडी भाजताना तिच्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि तो इंधन बदलूनही टळत नाही. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के असण्याचे हे मुख्य कारण आहे. त्यावरचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे क्लिंकरचे प्रमाण कमी करून त्याच्या जागी औष्णिक वीज केंद्राची राख मिसळणे. भारतीय मानकानुसार पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये ही राख ३५ टक्क्यांपर्यंत चालते. येथे जगाचा प्रवाह आणि चंद्रपूरची परिस्थिती परस्परविरुद्ध दिशांना जाताना दिसतात. ब्रिटनने आपले शेवटचे कोळशावरचे वीज केंद्र सप्टेंबर २०२४ मध्ये बंद केले आणि तिकडे ताजी राख मिळेनाशी झाली. इकडे २,९२० मेगावॉट क्षमतेच्या चंद्रपूर महाऔष्णिक केंद्रात जळणारा कोळसाच इतका राखट आहे की राखेचे करायचे काय, हा प्रश्न दशकानुदशके सुटलेला नाही. त्यामुळे ‘हरित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सिमेंटचा हिरवेपणा कोळसा जळत राहण्यावर अवलंबून आहे, आणि ज्या शहराची २००९ मध्ये देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत गणना झाली, त्या शहराने या विरोधाभासाकडे कौतुकाने पाहावे अशी अपेक्षा करणे कठीण आहे.

लोखंडाची कथा अधिक नवी आहे. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचा लोहखनिज पट्टा २००७ मध्ये लॉयड्स मेटल्सला मिळाला, परंतु ग्रामसभांचा विरोध आणि डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी केलेली वाहनांची जाळपोळ यांमुळे काम दीर्घकाळ अडले. २०२१ नंतर उत्खनन वेगाने वाढले आणि चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे पोलाद प्रकल्प उभा राहू लागला. आलापल्ली-आष्टी मार्गावर खनिजाच्या ट्रकांची रीघ लागली, रस्ता उखडला आणि त्याविरुद्ध आंदोलनेही झाली. युरोपीय संघाने सिमेंट व पोलाद यांच्या आयातीवर, ते बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनाच्या प्रमाणात, २०२६ पासून शुल्क लावण्याचे ठरवले असल्याने कोळशावर तयार होणाऱ्या भारतीय पोलादाला तो बाजार महाग पडणार आहे. मात्र देशांतर्गत मागणी जोवर एवढी आहे, तोवर सूरजागडच्या डोंगराला त्याचा फारसा दिलासा मिळेल असे दिसत नाही.

ही सामग्री स्थानिक घरांत परत येते ती शासकीय अनुदानाच्या मार्गाने. माडिया व गोंड वस्त्यांतील पारंपरिक घर लाकडी खांब, बांबूचा कूड, त्यावर मातीचा लेप आणि वर कवेलू असे असते. ते घरमालकाला व शेजाऱ्यांना स्वतःच्या हातांनी बांधता व दुरुस्त करता येते. प्रधानमंत्री आवास योजनेतील घरकुलासाठी या भागात १ लाख ३० हजार रुपये मिळत आले, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या जनमन योजनेत माडियांसह अतिअसुरक्षित आदिवासी समूहांना २ लाख रुपये मिळतात. या रकमेत सिमेंट, सळई आणि विटा बसवताना लाभार्थीची दमछाक होते, आणि वैनगंगेच्या काठावर राहूनही रेतीघाटाचा लिलाव होईपर्यंत त्याला रेतीची वाट पाहावी लागते. पक्के घर पावसात टिकते, ते हवेच. पण त्याचा आराखडा मैदानी जिल्ह्यासाठी काढलेला असावा, असे उन्हाळ्यात तापणाऱ्या सपाट स्लॅबखाली बसल्यावर वाटते.

दरम्यान श्रीमंत देश लाकडाकडे वळत आहेत. नॉर्वेतील मियोस्टोर्नेट ही ८५ मीटरहून उंच लाकडी इमारत २०१९ मध्ये पूर्ण झाली, आणि थरांमध्ये चिकटवलेले लाकूड आता काँक्रीटचा पर्याय म्हणून मांडले जाते. येथील सागवानाची कीर्ती जुनी असून अयोध्येच्या राममंदिरासाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारशाहहून सागवान रवाना झाले. पण सागाची वाढ संथ आणि मालकी शासनाची, त्यामुळे गावाच्या हाती खरी संधी बांबूची आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा ग्रामसभेला सामूहिक वनहक्कांतून सुमारे १,८०० हेक्टर जंगल मिळाले आणि एप्रिल २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवानेही तिच्या हाती आले. २०१७ च्या दुरुस्तीने बांबू भारतीय वन कायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला.

तरीही गावातून निघणारा बांबू बहुतांशी कच्चा माल म्हणूनच जातो. बांधकामात वापरण्यापूर्वी त्याला बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात भिजवून कीड लागणार नाही असे करावे लागते, त्याची जाडी व वय पारखावे लागते आणि जोड बसवणारे कारागीर लागतात. चंद्रपूरजवळच्या चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र याच कामासाठी उभारले गेले. अशा प्रक्रियेची टाकी गावपातळीवर पोहोचली आणि घरकुलाच्या अंदाजपत्रकात सळईइतक्याच सहजपणे प्रक्रिया केलेल्या बांबूचा दर लिहिता आला, तर या दोन जिल्ह्यांतून बाहेर जाणाऱ्या मालापैकी निदान एकाची किंमत ठरवण्याचा अधिकार तो माल काढणाऱ्या गावाकडे राहील.