जुन्या जीपचे नवे सुटे भाग

बुलढाणा जिल्ह्याची भूमी दोन पायऱ्यांची आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील तालुके 'घाटावरचे' आणि पूर्णा नदीच्या सपाट खोऱ्यातील तालुके 'घाटाखालचे', अशी विभागणी येथील माणूस बोलताना सहज करतो. बुलढाण्याहून मलकापूरकडे निघाले की राजूर घाट उतरावा लागतो. त्याही पलीकडे, जळगाव जामोद तालुक्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या कुशीत भिंगारा, चाळीसटापरी यांसारखी आदिवासी गावे आहेत. पावसाळ्यात खोऱ्यातील काळी माती चाकांना चिकटून गाडीला जागीच खिळवते, तर डोंगरात दगड आणि चढ वाट अडवतात. अशा मुलखात शासनाचा कारभार गावोगाव पोहोचला तो मुख्यतः जीपमधून. १९५२ मध्ये समूह विकास कार्यक्रम सुरू झाला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप हे खेड्यात विकासाचे ओळखीचे चित्र बनले. पुढे याच जातीच्या गाड्या काळीपिवळी होऊन प्रवासी वाहू लागल्या.

त्यांपैकी बहुतेक गाड्या आज मोडीत गेल्या आहेत. पण काही शेतवस्तीवर, काही हौशी मालकाच्या अंगणात अजूनही उभ्या आहेत. त्यांना पुन्हा रस्त्यावर आणायचे म्हटले, की पहिली अडचण उभी राहते ती सुट्या भागांची. जो भाग मूळ कारखाना आता करीत नाही, तो नव्याने कसा घडवावा आणि घडवलेला भाग कसा पारखावा, याची माहिती जिल्ह्यातील लेथचालकांना, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना आणि गाडीमालकांनाही उपयोगी पडेल.

मुंबईने जपलेली गाडी

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. १९४९ मध्ये महिंद्र कंपनीने मुंबईत माझगाव येथे विलीज जीपची जोडणी सुरू केली. पुढे 'सीजे-३बी' ही उंच बॉनेटची जीप आपल्याकडे घडू लागली. तिच्या 'हरिकेन' इंजिनाचे हवा घेणारे व्हॉल्व्ह वरच्या बाजूस असल्याने इंजिनाची उंची वाढली होती. बॉनेट उंचावले ते त्यामुळे, शोभेसाठी नव्हे. अमेरिकेत या गाडीचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. आपल्याकडे मात्र तिच्याच घराण्यातील गाड्या त्यानंतरही अनेक दशके तयार होत राहिल्या. म्हणून जगातील जुन्या जीपचे शौकीन सुट्या भागांसाठी भारताकडे पाहतात. फिलिपाइन्समध्ये तर युद्धकाळच्या जीपची संपूर्ण बॉडी नव्या पत्र्यातून घडवण्याचा व्यवसायच उभा राहिला आहे.

झिजेची नक्कल

या कामातील सर्वांत मोठी चूक अगदी साधी आहे. मालक जुना भाग आणून देतो आणि 'अगदी असाच करून द्या' म्हणतो. कारागीर प्रामाणिकपणे तसाच करून देतो. पण तो जुना भाग पन्नास-साठ वर्षे घासलेला असतो. त्याची हुबेहूब प्रतिकृती म्हणजे त्याच्या झिजेचीही प्रतिकृती! नवा भाग पहिल्या दिवसापासून ढिला बसतो आणि दोष मात्र गाडीच्या वयाला दिला जातो.

म्हणून मोजमाप घेताना भाग जेथे घासला नाही ती जागा शोधावी. पाट्याच्या शॅकलची पिन असेल, तर बुशमध्ये फिरणारा भाग सोडून माथ्यालगतचा भाग मोजावा. ज्या जोडभागात तो बसतो, तोही मोजावा. दुसरी खूण त्याहून महत्त्वाची आहे. या गाडीचे मूळ आराखडे इंचात आहेत. समजा, मायक्रोमीटरवर पिनेची जाडी १८.८७ मिलिमीटर भरली. हा आकडा मूळ आराखडा करणाऱ्याने योजलेला नसणार. त्याच्या जवळचे इंचाचे माप पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिलिमीटर. तेव्हा सुमारे ०.१८ मिलिमीटर झीज झाली असावी, असा अंदाज बांधता येतो. न झिजलेली जागा आणि जोडभाग या दोहोंचा दुजोरा मिळाला, की तो अंदाज पक्का होतो.

आट्यांच्या बाबतीतही तेच. तीन-अष्टमांश इंची बारीक आट्याच्या बोल्टला एका इंचात २४ आटे असतात. बाजारात सहज मिळणाऱ्या १० मिलिमीटरच्या बोल्टला तेवढ्याच लांबीत सुमारे १७. हा बोल्ट पान्याच्या जोराने आत दामटला, तर मूळ आटे कायमचे नष्ट होतात. जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट आट्यांचे असत. ही गोष्ट ठाऊक नसलेल्या माणसाने जोर लावून किती बोल्ट तोडले असतील, याची गणती नाही.

फर्मा, बीड आणि पोलाद

गिअरपेटीचे झाकण किंवा एखादा बिडाचा ब्रॅकेट करायचा, तर जुना भागच फर्मा म्हणून वाळूत दाबण्याचा मोह होतो. तो टाळावा. वितळलेले बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते. ३०० मिलिमीटर लांबीचा जुना भाग साच्यासाठी वापरला, तर नवा भाग साधारण तीन मिलिमीटरने आखूड निघेल आणि बोल्टांची छिद्रे जुळणार नाहीत. ॲल्युमिनियम याहून अधिक आकसते. पोलादी ओतीव तर बिडाच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून फर्मा तेवढ्या प्रमाणात मोठा करावा लागतो. शिवाय जो पृष्ठभाग लेथवर किंवा मिलिंगवर सपाट करायचा, तेथे जादा धातू ठेवावा लागतो. पूर्वी हे काम सागवानात कोरणाऱ्या फर्मेकऱ्याचे होते. आता जुन्या भागाचे संगणकीय स्कॅन घेऊन, झिजलेली जागा पडद्यावर दुरुस्त करून फर्मा छापूनही घेता येतो. ओतकामासाठी स्वतःची भट्टी असलीच पाहिजे असेही नाही. फर्मा आणि आराखडा येथे तयार करून ओतकाम कोल्हापूर परिसरातील, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या, फौंड्रीकडून करून घेता येते. मोजमाप आणि शेवटचे यंत्रकाम मात्र ज्याच्यापुढे गाडी उभी आहे त्यानेच करावे.

आकार जुळला म्हणजे भाग झाला, असे नाही. पोलाद डोळ्यांना सारखेच दिसते. जिल्ह्याच्या दक्षिणेला लागून असलेल्या जालन्यात पोलादी सळईचे मोठे उत्पादन होते. पण ती सळई बांधकामासाठी असते, शाफ्टसाठी नव्हे. साध्या पिना आणि बोल्टांना 'ईएन-८' जातीचे पोलाद चालते. अधिक ताण सोसणाऱ्या शाफ्टला 'ईएन-२४' लागते. गिअरच्या दात्यांना वरून कठीण आणि आतून चिवट असे दुहेरी रूप हवे असते. त्यासाठी कमी कार्बनचे मिश्र पोलाद सुमारे ९०० ते ९३० अंश सेल्सिअस तापमानात कार्बन शोषून घेईल असे तापवतात आणि मग विझवतात. आपला लोहार कुऱ्हाडीला 'पाणी देतो', त्याच तत्त्वाचे हे मोजून-मापून केलेले रूप होय. मात्र लोहार धातूच्या रंगावरून तापमान ओळखतो. गिअरच्या बाबतीत तेवढ्यावर विसंबता येत नाही. तापमापक असलेली भट्टी आणि नंतर कठिणतेची चाचणी या दोन्ही गोष्टी हव्यातच. आलेले पोलाद कोणते, याचा प्राथमिक अंदाज सहाणयंत्रावरील ठिणग्यांवरून येतो. कार्बन जितका अधिक, तितक्या ठिणग्या अधिक फुटतात. खात्री मात्र प्रयोगशाळेचीच.

पत्र्याचे काम त्या मानाने सरळ आहे. या जीपची बहुतेक अंगे सपाट असल्यामुळे सुमारे १.२ मिलिमीटरचा पत्रा, वाकवण्याचे यंत्र आणि धीर असलेला कारागीर एवढ्यावर ते साधते.

जेथे हात आखडता घ्यावा

काही भाग गावच्या वर्कशॉपने घडवू नयेत, असे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. या जीपच्या ब्रेकला एकच नळमार्ग असतो. कोठेही गळती झाली, की चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी निकामी होतात. राजूर घाटात पाय पॅडलवर असताना हे घडले, तर परिणाम सांगायला नको. ब्रेकच्या सिलिंडरमधील रबरी वाट्या ब्रेक ऑइलशी जुळणाऱ्या रबराच्याच हव्यात. तेथे इंजिन ऑइल किंवा पेट्रोल लागले, तर त्या फुगतात आणि सिलिंडर अडकतो. ब्रेकची नळी, काच, दिवे आणि टायर यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२४ अन्वये सुरक्षा मानके ठरवलेली आहेत. ते मान्यताप्राप्त उत्पादकाचेच घ्यावेत. स्टिअरिंगचा सांधा वेल्डिंग करून 'चालवून घेणे' हा प्रकार तर सर्वस्वी त्याज्य आहे. पिना, बुश, ब्रॅकेट, बिजागऱ्या, पाट्यांखालच्या पट्ट्या, पॅकिंग आणि पत्रा हे क्षेत्र लहान वर्कशॉपला पुरेसे मोठे आहे.

कायदा, खूण आणि नोंद

अचूकपणाला आता कायदेशीर महत्त्वही आले आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. या नोंदणीच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात, ती दहा वर्षांसाठी दिली जाते आणि गाडी केवळ प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन व देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी; चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या जीप आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या मालकांनी अर्ज करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करणे इष्ट. या नोंदणीचा मार्ग न घेता नेहमीच्या वापरात असलेल्या गाडीलाही मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ लागू आहेच.

या व्यवसायात उतरू इच्छिणाऱ्याने जिल्हा उद्योग केंद्राशी संपर्क साधावा. २०१९ पासूनचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम याच केंद्रामार्फत राबवला जातो.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. फोर्डने युद्धकाळात केलेल्या जीपच्या अनेक भागांवर, अगदी बोल्टांच्या माथ्यावरही, 'एफ' हे अक्षर असे. संग्राहक त्या अक्षराला किंमत देतात, म्हणून नव्या भागांवरही ते उमटवण्याचा मोह होतो. दुसऱ्याचे नाव किंवा चिन्ह घेऊन विकलेला भाग ही फसवणूक होय आणि तिची झळ पुढच्या दुरुस्ती करणाऱ्यालाही बसते, कारण समोरचा भाग साठ वर्षांचा आहे की सहा महिन्यांचा, हेच त्याला कळत नाही. प्रत्येक भागाचा आराखडा, पोलादाची जात, तापवण्याचे तपशील आणि तारीख एका वहीत लिहून ठेवावी आणि भागावर आपली स्वतःची खूण व वर्ष उमटवावे. शॅकलच्या पिनेवर ही खूण बुशमध्ये फिरणाऱ्या अंगावर न ठोकता माथ्यावर ठोकावी. तेथे ती घासली जात नाही.