अपील केले म्हणजे हुकूम थांबत नाही

उलवे व त्याच्या शेजारच्या खाडीकाठच्या गावांत ज्यांनी खारशेती केली आहे त्यांस एक गोष्ट शिकवावी लागत नाही. बांधास खांड पडली तर ती पुढच्या उधाणापूर्वी बुजविली पाहिजे. खारे पाणी खाचरांत एकदा शिरले की मागाहून बांध कितीही भक्कम घातला तरी गेलेला हंगाम परत येत नाही. कोर्टकचेरीच्या कामातही अशी एक वेळ येते, व ती चुकल्यामुळे बाजू न्याय्य असूनही अनेक शेतकरी बुडतात. म्हणून निकालाची बजावणी तात्पुरती तहकूब करविण्याच्या तजविजीविषयी येथे चार शब्द लिहीत आहो.

पहिला व सर्वांत महाग पडणारा गैरसमज असा की, अपील दाखल झाले म्हणजे खालचा निकाल आपोआप थांबतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ४१, नियम ५ याच्या अगदी उलट सांगतो. समजा, भाऊबंदकीच्या दाव्यात शेताचा ताबा प्रतिपक्षास देण्याचा हुकूमनामा झाला. आपण जिल्हा न्यायालयात अपील करून स्वस्थ बसलो, तर अपील चालू असतानाच बेलीफ बांधावर उभा राहील, व त्यात कायद्याचा काही भंग होणार नाही. म्हणून अपिलाबरोबरच तहकुबीचा स्वतंत्र अर्ज केला पाहिजे. अपिलाची मुदत संपलेली नसेल तर ज्या कोर्टाने हुकूमनामा केला त्याजकडेही तात्पुरती तहकुबी मागता येते.

न्यायालय तीन गोष्टी पाहते. तहकुबी न दिल्यास अर्जदाराचे भारी नुकसान होईल काय. अर्ज विनाविलंब केला आहे काय. आणि पुढे अपील हरल्यास हुकूमनामा पाळला जाईल यासाठी त्याने तारण दिले आहे काय. केवळ ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढे म्हटल्याने भागत नाही. शेतात उभे पीक आहे, विहीर वा फळझाडे आहेत, ती गेल्यास पैशाने भरपाई होणार नाही, असे सातबारा व इतर कागदांसह दाखवावे. मुदतीबाहेर अपील करणाऱ्याने तर विशेष सावध राहावे. अपील सुनावणीस घ्यावयाचे असे न्यायालय ठरवीपर्यंत त्यास तहकुबी मिळत नाही.

हुकूम मिळाल्यावरही काम संपत नाही. तो खालच्या कोर्टास कळविला जाईल तेव्हापासून लागू होतो. याकरिता प्रमाणित नक्कल त्वरित तेथे पोचवावी. ती येईपर्यंत अपीलकर्त्याने स्वतःच्या माहितीवरून केलेल्या प्रतिज्ञापत्रावरही त्या कोर्टास कार्यवाही करावी लागते. महसुली प्रकरणांत हाच मार्ग महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५६ ने खुला ठेवला आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या खालच्या अधिकाऱ्याच्या हुकुमावर अपिलाची मुदत ६० दिवसांची असते, हे ध्यानात असावे.

आता दुसरी बाजू. ज्याने दावा जिंकला त्याजवरही तहकुबीचा प्रसंग येतो. भूसंपादनाचा मोबदला वाढवून मिळाला की संपादन करणारा पक्ष पुष्कळदा उच्च न्यायालयात जातो व वाढीव रकमेस तहकुबी मागतो. अशा वेळी शेतकऱ्याने आधीच कलम १४८-अ अन्वये कॅव्हेट दाखल करावे, म्हणजे त्यास नोटीस दिल्यावाचून हुकूम होऊ नये. कॅव्हेट ९० दिवस टिकते. तसेच, रक्कम न्यायालयात भरविण्यात यावी व तिचा काही भाग जामिनावर उचलू द्यावा, अशी विनंती आपल्या वकिलामार्फत अवश्य करावी.

तहकुबी म्हणजे विजय नव्हे, हेही विसरू नये. १२ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन कृषी कायद्यांचा अंमल थांबविला. परंतु त्यामुळे ते कायदे नाहीसे झाले नाहीत. संसदेने ते रद्द करण्याचे विधेयक संमत केले ते नोव्हेंबर २०२१ मध्ये. तहकुबीने निकाल पुसला जात नाही, त्याचा हात तेवढा धरला जातो. मूळ अपील नेटाने चालविले नाही तर तो हात केव्हातरी सुटणारच.

१९७० साली नवी मुंबईसाठी जमिनी घेण्याचे ठरले, त्या टापूत उलवे आले. पुढे विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडली गेली, नदीचे पात्र वळविले गेले, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्या कामाच्या युक्तायुक्ततेचा विचार येथे प्रस्तुत नाही. परंतु तेथे पूर्वीची खाचरे आता कोणतेही न्यायालय परत देऊ शकणार नाही. दिलेच तर पैशाचे माप वाढवून देईल. जमीन जागेवर आहे तोवरच ती राखण्याच्या अर्जास अर्थ असतो. म्हणून निकाल हाती पडल्याच्या दिवशीच प्रमाणित नकलेसाठी अर्ज करावा व त्याच आठवड्यात वकिलास भेटावे, एवढेच आमचे आपल्या वाचकबंधूंस आग्रहाचे सांगणे आहे.