थोरल्या भावाचा देश

मलय भाषेत ‘तिमुर’ म्हणजे पूर्व, पोर्तुगीजमध्ये ‘लेस्ते’ म्हणजेही पूर्व. तिमोर-लेस्ते या नावात पूर्व दिशा दोनदा येते. साधारण १५ हजार चौरस किलोमीटरचा, १३ लाखांच्या वस्तीचा हा देश आपल्याला वाटतो तेवढा परका नाही. पोर्तुगीज वसाहत असताना १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्यातून चाले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला. तिमोरी माणसाला त्यानंतर आणखी चार दशकं वाट पाहावी लागली.

२८ नोव्हेंबर १९७५ ला फ्रेतिलिन पक्षाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि नऊच दिवसांत इंडोनेशियाचं सैन्य राजधानी दिलीत उतरलं. पुढच्या २४ वर्षांत किमान १,०२,८०० माणसं गेली, असा सत्यशोधन आयोगाचा हिशेब आहे. बहुतेक भुकेने आणि आजाराने गेली.

आजचं नेतृत्व या काळातच घडलं. शनाना गुस्मांव डोंगरातल्या गनिमांचे म्होरके. १९९२ मध्ये पकडले गेले, जकार्ताच्या तुरुंगात राहिले. लोक त्यांना ‘माउन बोत’, म्हणजे थोरला भाऊ म्हणतात. जोझे रामोस-होर्ता परदेशात राहून संयुक्त राष्ट्रसंघाचे उंबरठे झिजवत होते. १९९६ चं शांततेचं नोबेल त्यांना आणि बिशप बेलो यांना मिळालं. १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्याचा कौल दिला. त्याची किंमत म्हणून गावंच्या गावं जाळली गेली. २० मे २००२ ला देश स्वतंत्र झाला, शनाना पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

आज होर्ता राष्ट्राध्यक्ष आहेत, शनाना पंतप्रधान. मधल्या काळात माणसं बदलली, पण पिढी तीच राहिली. २००६ मध्ये सैन्यातली फूट रस्त्यावर आली, दीड लाखांच्या आसपास लोक बेघर झाले. २००८ मध्ये होर्तांना गोळ्या लागल्या आणि ते वाचले. एवढं सोसूनही इथे निवडणुका होतात, हरलेला खुर्ची सोडतो. मला याचं फार मोल वाटतं.

चिंता आहे ती पैशाची. नोटा अमेरिकी डॉलरच्या, नाणी मात्र स्वतःची: पाच सेंतावोवर भात, दहावर कोंबडा, पन्नासवर कॉफी. नाण्यांवर शेती दिसते, पण सरकारचा खर्च बहुतांशी तेलनिधीतून भागतो, आणि बायू-उंदान हे मुख्य वायुक्षेत्र आता बंद पडलं आहे. ग्रेटर सनराइज या दुसऱ्या क्षेत्राचा वायू नळाने तिमोरच्याच किनाऱ्यावर आणायचा, हा शनानांचा आग्रह. त्यामागचा स्वाभिमान मला समजतो. पण त्या भरवशावर शाळा आणि शेती मागे पडू नये.

२६ ऑक्टोबर २०२५ ला देश आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा अकरावा सदस्य झाला. त्याच्या साधारण महिनाभर आधी दिलीत विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. खासदारांना नव्या गाड्या आणि तहहयात पेन्शन कशासाठी, हा त्यांचा सवाल होता. त्यांतल्या अनेकांचा जन्म स्वातंत्र्यानंतरचा. संसदेने गाड्यांचा बेत सोडला, पेन्शनही रद्द केली.