त्वचेवर उमटणारा रक्ताचा आजार

रक्ताचा कर्करोग म्हटला की ताप, अशक्तपणा, अंगावरील गाठी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया या प्रामुख्याने उतारवयात होणाऱ्या, सावकाश वाढणाऱ्या प्रकारात क्वचित त्वचाही सूचना देते.

ही लक्षणे दोन तऱ्हांची असतात. पहिल्या तऱ्हेत कर्कपेशी थेट त्वचेत शिरतात. चेहरा, कान, पाठ येथे लालसर-जांभळट गाठी वा चट्टे उठतात. कधी नागिणीच्या जुन्या व्रणावरही उठतात. दुसऱ्या तऱ्हेत प्रतिकारशक्ती बिघडल्यामुळे नागीण होते, किंवा कीटक चावल्यासारखे खाजरे फोड वारंवार येतात.

नुसत्या नजरेने निदान होत नाही. कानावरच्या गाठी कुष्ठरोगातही येतात. म्हणून प्रथम रक्तपेशींची मोजणी करतात. पांढऱ्या पेशी, विशेषतः लिम्फोसाइट, सतत वाढलेल्या आढळल्यास फ्लो सायटोमेट्रीने त्यांची ओळख पटवतात. त्वचेचा छोटा तुकडा, जागा बधिर करून, बायोप्सीसाठी घेतात.

प्रत्येक फोड कर्करोगाचा नसतो, घाबरू नये. मात्र न हटणाऱ्या चट्ट्यावर दुकानातून आणलेले स्टेरॉइड मलम चोळत राहिल्यास खरे रूप झाकले जाते व निदान लांबते.

हा आजार स्पर्शाने पसरत नाही. भगवान बुद्धांनी दुर्लक्षित आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. शिवाशिवीचे चटके सोसलेल्या आपल्या समाजाने तरी त्वचेवरील डागामुळे कोणासही दूर सारू नये, ही आमची नम्र विनंती.