ॲड-ऑन अडलं म्हणून अख्खा फ्लाइट सिम्युलेटर उडवू नका. आधी दोषी फाइल अशी शोधा

समजा, जळगाव विमानतळावरून एक छोटं विमान उडालं आणि त्याने आग्नेय दिशा धरली. खाली खानदेशची शेतं. उजव्या हाताला अजिंठ्याची डोंगररांग हळूहळू जवळ येते आणि तिच्या पायथ्याशी येतं रोहिणखेड. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातलं हे गाव. खानदेशच्या नासिर खानाचा बहमनी फौजेने १४३७ मध्ये पराभव केला तो इथेच. घाट ओलांडला की बुलढाणा, आणखी पुढे गेलं की लोणारचं सरोवर.

या प्रवासाला ना तिकीट लागतं, ना पायलटचं लायसन्स. कॉम्प्युटर, जॉयस्टिक आणि फ्लाइट सिम्युलेटर एवढ्यावर काम भागतं. पण नेमकं टेकऑफच्या आधी स्क्रीनवर येतं, ‘मॉड्यूल सापडलं नाही.’ किंवा काहीच न सांगता सगळं बंद पडतं.

अशा वेळी बहुतेकांना पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे, ‘सगळं काढून टाक आणि परत इन्स्टॉल कर.’

गावाकडे हा सल्ला महागात पडतो. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर १८ ऑगस्ट २०२० ला आला, तेव्हा कंपनीने किमान १५० जीबी जागा मोकळी ठेवायला सांगितली होती. आता हिशोब करा. फोनच्या हॉटस्पॉटवर रोज २ जीबी डेटा मिळत असेल, तर फक्त १०० जीबी उतरवायलाच ५० दिवस लागतील. आणि एवढं करून तेच ॲड-ऑन परत टाकलं, तर तीच एरर परत समोर!

मग करायचं काय? नीट समजून घेऊ.

आधी हे ॲड-ऑन म्हणजे नक्की काय?

ट्रॅक्टर आणि त्याला जोडायची अवजारं, असं हे नातं आहे. मूळ सिम्युलेटर म्हणजे ट्रॅक्टर. नवं विमान, एखाद्या विमानतळाचं हुबेहूब दृश्य, जॉयस्टिकची बटणं ठरवणारा प्रोग्राम ही सगळी अवजारं. रोटाव्हेटर अडकला म्हणून कोणी ट्रॅक्टरचं इंजिन खोलत नाही. आधी अवजार सोडवून बघतात.

ॲड-ऑन ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. काहींमध्ये फक्त चित्रं आणि नकाशे असतात. ती चुकली तर इमारत हवेत तरंगते किंवा धावपट्टीला उंचवटा येतो. दुसऱ्या प्रकारात चालणारा कोड असतो. विमानाचा ऑटोपायलट, इंधनाची यंत्रणा, कॉकपिटमधले पडदे हा कोड चालवतो. यालाच मॉड्यूल म्हणतात. मॉड्यूल चुकलं की ते स्वतः तर बंद पडतंच, पण बऱ्याचदा सिम्युलेटरलाही सोबत घेऊन जातं.

एका फाइलने खरी विमानं जमिनीवर आणली होती

१९ जुलै २०२४ आठवतोय? जगभर कॉम्प्युटरवर निळा स्क्रीन आला, विमानतळांवर रांगा लागल्या आणि आपल्याकडे इंडिगोचे हाताने लिहिलेले बोर्डिंग पास व्हायरल झाले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार विंडोजची सुमारे ८५ लाख यंत्रं यात अडकली.

पण बिघाड विंडोजमध्ये नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरची एक सदोष अपडेट फाइल त्याला कारण होती. त्यावरचा उपाय असा होता: कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये सुरू करा, ती फाइल शोधून काढा आणि पुन्हा चालू करा. कोणी लाखो कॉम्प्युटरवर विंडोज नव्याने टाकत बसलं नाही.

घरच्या सिम्युलेटरलाही हाच क्रम लागू होतो.

टप्पा १ : शेवटचं काय बदललं?

काल चालत होतं आणि आज चालत नाही, तर मधल्या वेळात काहीतरी बदललंय. नवं ॲड-ऑन टाकलं? सिम्युलेटरचं अपडेट आलं? विंडोजचं आलं? की इन्स्टॉल चालू असताना लाइट गेली आणि फाइल अर्धवट राहिली? एररचा फोटो काढून ठेवा. ‘काहीतरी एरर येतेय’ एवढ्यावर कोणीच मदत करू शकत नाही. नेमके शब्द आणि नंबर लागतात.

टप्पा २ : सगळी अवजारं सोडवा

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये बाहेरून आणलेली ॲड-ऑन ‘कम्युनिटी’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात. सिम्युलेटर बंद करा, या फोल्डरचं नाव बदला आणि त्याच जागी ‘कम्युनिटी’ नावाचं नवं रिकामं फोल्डर करा. काहीही डिलीट करायचं नाही. क्रॅशनंतर सिम्युलेटरने स्वतःहून सेफ मोड विचारला, तर तोही निवडता येतो. त्यात बाहेरची ॲड-ऑन बाजूला ठेवली जातात.

एक्स-प्लेन वापरत असाल तर ‘रिसोर्सेस’मधल्या ‘प्लगइन्स’ फोल्डरमध्ये तुम्ही टाकलेली प्लगइन तात्पुरती दुसरीकडे हलवा. सिम्युलेटरसोबत आलेली तशीच राहू द्या.

आता सुरू करून बघा. चाललं? म्हणजे सिम्युलेटर ठणठणीत आहे आणि तुमचे १०० जीबी वाचले. दोषी त्या जुन्या फोल्डरमध्येच आहे.

टप्पा ३ : निम्मे-निम्मे करा

३२ ॲड-ऑन असतील तर एकेक तपासायला ३२ वेळा सिम्युलेटर सुरू करावा लागेल. त्यापेक्षा १६ परत टाका. एरर आली तर दोषी या १६ मध्ये, नाही आली तर उरलेल्या १६ मध्ये. मग ८, मग ४, मग २, मग १. पाच चाचण्यांत एकाचं नाव हाती येतं. ६४ असतील तरी सहाच.

दोन गोष्टी सांभाळा. काही ॲड-ऑनना दुसऱ्या एखाद्या लायब्ररीची गरज असते, त्या जोड्या एकत्रच हलवा. आणि कधीकधी दोन ॲड-ऑन एकेकटी नीट चालतात, पण एकत्र आली की भांडतात. एकाच विमानतळाची दोन वेगवेगळी दृश्यं टाकली की हे हमखास होतं. त्यातलं एकच ठेवा.

टप्पा ४ : सापडलं, पण बिघडलं का?

नेहमीची कारणं मोजकीच आहेत.

*फोल्डरच्या आत फोल्डर.* झिप उघडताना एक जादा फोल्डर तयार होतं आणि सिम्युलेटरला आतलं ॲड-ऑन दिसतच नाही. ॲड-ऑनचं फोल्डर उघडल्या-उघडल्या ‘मॅनिफेस्ट’ आणि ‘लेआउट’ या दोन जेसन फाइल दिसल्या पाहिजेत. त्या आणखी आत असतील, तर आतलं फोल्डर बाहेर काढा.

*एरर १२६.* विंडोज म्हणतं, ‘मॉड्यूल सापडलं नाही’ आणि तुम्ही बघता तर फाइल तिथेच आहे! इथे बहुतेक जण गोंधळतात. मॉड्यूल असतं, पण ते ज्या दुसऱ्या फाइलवर अवलंबून असतं ती नसते. बऱ्याचदा ती मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस’ या मोफत पॅकेजमधली असते. ते पॅकेज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या. एकटी डीएलएल फाइल देणाऱ्या अनोळखी साइटवर जाऊ नका.

*एरर १९३.* हा पिढीचा फरक. २००६ चा फ्लाइट सिम्युलेटर एक्स ३२ बिटचा होता, आजचे सिम्युलेटर ६४ बिटचे आहेत. जुन्या काळातलं ३२ बिटचं मॉड्यूल नव्यात चालत नाही आणि कोणत्याही सेटिंगने चालणारही नाही. नवी आवृत्ती शोधा किंवा सोडून द्या.

*अँटिव्हायरस.* इन्स्टॉल झाल्या-झाल्या एखादी फाइल गायब होते. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ उघडा, तिथे नोंद असेल. ॲड-ऑन मूळ निर्मात्याकडून घेतलं असेल, तरच ती फाइल परत आणा. अख्खा अँटिव्हायरस बंद करू नका.

*अपडेटनंतरची फारकत.* सिम्युलेटर पुढे गेला, ॲड-ऑन मागे राहिलं. यावर निर्मात्याची नवी आवृत्ती हाच उपाय.

टप्पा ५ : लॉग वाचा, पण जपून

एक्स-प्लेन आपल्या मुख्य फोल्डरमध्ये लॉगची फाइल लिहितो. क्रॅश झाल्यावर तिच्या शेवटच्या ओळी बघा. मात्र सिम्युलेटर पुन्हा सुरू केला की ती नव्याने लिहिली जाते, म्हणून आधी कॉपी करून ठेवा.

विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्येही क्रॅशच्या वेळी कोणतं मॉड्यूल पडलं त्याचं नाव मिळतं. तिथे ‘एनटीडीएलएल’ असं दिसलं तर लगेच विंडोजला दोष देऊ नका. ती विंडोजचीच फाइल आहे आणि दुसऱ्याने केलेल्या चुकीमुळे बऱ्याचदा तिच्यात येऊन काम थांबतं. अपघात जिथे दिसतो, तिथेच चूक झालेली असते असं नाही.

प्रत्येक गडबड ही एरर नसते

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. तुमच्या विमानाचा नेव्हिगेशन डेटा त्याआधीचा असेल, तर हे विमानतळ यादीत सापडणार नाही. यात मॉड्यूल बिघडलेलं नाही, डेटा जुना आहे. खऱ्या विमानांचा असा डेटा दर २८ दिवसांनी बदलतो.

फुकटचं ॲड-ऑन आणि पासवर्ड

महागडं विमान क्रॅक करून फुकट देणाऱ्या फाइल मोबाइलवर फिरत असतात. त्या टाकण्याआधी २०१८ चा प्रसंग माहीत असू द्या. फ्लाइट सिम लॅब्स या कंपनीच्या ए-३२० विमानाच्या इन्स्टॉलरमध्ये क्रोम ब्राउझरमधले पासवर्ड काढू शकणारा प्रोग्राम सापडला. चोरून वापरणाऱ्यांना पकडण्यासाठी तो ठेवल्याचं कंपनीने सांगितलं. टीका झाल्यावर तो काढला आणि माफीही मागितली.

अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असं घडू शकतं, तर कोणीतरी फोडून पुन्हा बांधलेल्या फाइलमध्ये काय असेल याची खात्री कोण देणार? ज्या कॉम्प्युटरवर सिम्युलेटर चालतो, त्याच कॉम्प्युटरवर घरातलं कोणीतरी बँकेचं काम करतं किंवा परीक्षेचा फॉर्म भरतं. मॉड्यूल म्हणजे चालणारा कोड, हे इथेही विसरू नका.

मग पूर्ण इन्स्टॉल कधी करायचं?

सगळी ॲड-ऑन बाहेर काढूनही सिम्युलेटर बंद पडत असेल, तर दोष मुळात किंवा कॉम्प्युटरमध्ये आहे. तेव्हाही आधी ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा. स्टीमवरून घेतलं असेल तर ‘फाइल तपासा’ हा पर्याय वापरा. त्यात फक्त बिघडलेल्या फाइल पुन्हा उतरतात. एवढं करूनही जमलं नाही, तरच पूर्ण डाउनलोड.

आणि सगळं सुरळीत झालं की एक सवय लावून घ्या. एका वेळी एकच ॲड-ऑन टाका, एक फेरी उडवून बघा आणि वहीत तारीख लिहून ठेवा. पुढच्या वेळी जळगावहून निघालेलं विमान रोहिणखेडच्या आधीच बंद पडलं, तर उत्तर त्या वहीच्या शेवटच्या ओळीत असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे.