प्रवासातले जुलाब आणि बुलार यांचं यीस्ट
परदेशात पोट बिघडतं ते बहुधा दूषित अन्नपाण्यातल्या ई. कोलायसारख्या जंतूंमुळे. त्यावर प्रोबायोटिक म्हणून खपणारं ‘सॅकरोमायसिस बुलार्डी’ हे यीस्ट फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी बुलार यांनी १९२०च्या दशकात इंडोचायनात लिची-मँगोस्टीनपासून वेगळं केलं. कॉलऱ्याच्या साथीत तिथले लोक या फळांच्या सालींचा काढा पीत, हे त्यांनी हेरलं होतं. यीस्ट असल्यामुळे अँटिबायोटिकने ते मरत नाही. दह्यातले जिवाणू मरू शकतात. म्हणून सगळ्यांनीच कॅप्सूल घ्यावी? प्रवासातले जुलाब ती टाळते, याचे पुरावे तोकडेच आहेत. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. यीस्ट रक्तात शिरण्याचा धोका असतो. बॅगेत आधी ओआरएस टाका. मोठं पाकीट लिटरभर स्वच्छ पाण्यात, पेलाभर पाण्यात नव्हे.