स्वतःलाच रद्द करणारी किल्ली

मंडळी, मुखत्यारपत्र रद्द करायचं झालं की आपण वकील गाठतो, पेपरात ‘जाहीर नोटीस’ देतो: अमक्याची सही यापुढे आमच्यावर बंधनकारक नाही. मालक वर आहे, म्हणून तो हे म्हणू शकतो. पण ज्याच्या वर कोणीच नाही, त्याची सही कोणी रद्द करायची?

तुम्ही बँकेच्या साइटचं नाव टाइप केलंत की डीएनएस त्याचा पत्ता शोधून देतं. मधेच कोणी खोटा पत्ता पुढे करू नये म्हणून डीएनएसेकमध्ये नोंदींवर डिजिटल सही करतात. ‘.इन’ किंवा ‘.भारत’खालच्या नावाची किल्ली चोरीला गेली, तर वरच्या पातळीवर तिचा ठसा नोंदलेला असतो, तो काढायचा. साठवलेली जुनी नोंद मात्र मुदत संपेपर्यंत चालत राहते, हे विसरू नका.

मूळ किल्लीच्या वर ठसाच नाही. जगभरच्या रिझॉल्व्हरमध्ये ती आधीच भरलेली असते. तिच्यासाठी २००७ सालचा आरएफसी ५०११ आहे: नोंदीतला एक बिट चालू करायचा आणि त्या नोंदीवर त्याच किल्लीनं सही करायची. म्हणजे ‘यापुढे मला मानू नका’ हे तिचंच म्हणणं, आणि ते मानायचं तिच्याच शब्दावर! वर्गात पोरांनी मला लगेच खोटारड्याच्या कोड्यात धरलं असतं. पण वाक्य ‘यापुढे’चं आहे, म्हणून विरोध येत नाही. चोरानंच रद्द केली तर? त्याच्या हातातलं हत्यार त्यानंच मोडलं. फक्त दुसरी किल्ली तयार हवी, नाहीतर सगळं ठप्प.

आणखी एक गंमत. या नियमानं नवी किल्ली मानायला रिझॉल्व्हर तीस दिवस थांबतो, कारण चोरही नवी किल्ली पुढे करू शकतो. रद्द करायला मात्र थांबत नाही. आणि एकदा रद्द ती कायमची.

मूळ पातळीवर सही सुरू झाली १५ जुलै २०१० ला. किल्ली चोरीला गेली नव्हती, तरी आयकॅननं ती बदलायची ठरवली. मुहूर्त ११ ऑक्टोबर २०१७ चा. पण काही रिझॉल्व्हरकडे नवी किल्ली पोचलीच नाही असं दिसलं, म्हणून वर्षभर पुढे ढकलला. ११ जानेवारी २०१९ ला जुनी किल्ली रद्द झाल्याची नोंद लागली. तेव्हा काय व्हावं? किल्ल्यांची विचारणा कमी होण्याऐवजी वाढतच गेली. २२ मार्चला ती नोंदच काढून टाकली, तेव्हा कुठे ओसरली.